वरच्या दवाखान्यातल्या तीस बाटल्या

नोकरीत तपासलेले बहुतेक गुन्हे आता मला आकड्यांनीच आठवतात. गुन्हा रजिस्टर नंबर किती, आरोपी किती, मुद्देमाल किती. एक प्रकरण मात्र माणसासकट आठवतं, आणि तो गुन्हा मुळात गुन्हाच नव्हता. मुदतीआधी सेवानिवृत्ती घेऊन मला आता काही वर्षं झाली. घरी बसून जुन्या डायऱ्या लावताना त्या तारखा आल्या की मी पान उलटतो. आज उलटत नाही, लिहून टाकतो. नाव कुणाचंही देणार नाही.

मी तेव्हा शहादा भागातल्या एका ठाण्यात सहायक निरीक्षक होतो. मुलीच्या शिक्षणासाठी कुटुंब नाशिकला ठेवलं होतं. मी क्वार्टरमध्ये एकटा, दोन वेळचा डबा बाहेरून. होळीचा बंदोबस्त संपून तीन दिवस झाले होते, माणसं अजून जागरणातून उठली नव्हती, आणि सकाळी साडेदहाला एका धर्मादाय संस्थेचे व्यवस्थापक लेखी फिर्याद घेऊन आले.

संस्थेचे पाच दवाखाने होते. चार वर सातपुड्यात, एक खाली प्रकाशा गावाच्या बाजूला उसाच्या पट्ट्यात. मुख्य भांडार शहाद्यात. तिथून महिन्यातून एकदा संस्थेची गाडी पाचही ठिकाणी औषधं पोचवायची. फिर्याद धडगावच्याही वर असलेल्या एका दवाखान्याबद्दल होती. तिथे सर्पदंशाच्या लसीच्या चाळीस बाटल्या दिलेल्या. दहा एका रुग्णाला वापरल्याची नोंद होती. म्हणजे शिल्लक तीस हव्यात. होळीच्या सात दिवस आधी सरपण गोळा करताना एका बाईला घोणस चावली. घरच्यांनी तिला दवाखान्यात नेलं, फ्रिज उघडला, तर आत एकही बाटली नाही. तिला जीपमध्ये घालून घाट उतरून खाली आणेपर्यंत साडेतीन तास गेले. बाई वाचली, पण मूत्रपिंडं निकामी होत आली होती आणि ती नंदुरबारच्या रुग्णालयात पडून होती.

फिर्यादीत संशयित एकच: त्या दवाखान्याचा स्टोअरकीपर. त्याच गावचा, आश्रमशाळेत बारावी झालेला, अकरा वर्षं त्याच खुर्चीवर. त्याने लस बाहेर विकली असा आरोप होता. विश्वासाने सोपवलेल्या मालाचा अपहार, म्हणजे गुन्हा सिद्ध झाला तर तुरुंग. न झाला तरी त्या गावात तो पुन्हा मान वर करून चालू शकेल का, हा प्रश्न होताच. गाव त्याच्यावर खवळलं होतं.

गुन्हा दाखल केला. दुसऱ्या दिवशी खबर चालत आली. बसस्थानकासमोरच्या चहाच्या गाडीवर एका जीपवाल्याने मला बाजूला घेतलं.

"साहेब, मन्हं नाव येवाले नको. पण वरनी लस खालना दवाखानामा शे. मी सोता देखी."

"खालच्या कुठल्या?"

"प्रकाशाकडला. पेशंट लई गयतू, तवय फ्रिजमा देखी. वरना गावनं नाव डबावर लिखेल शे."

दोन पंच, एक हवालदार, एक महिला शिपाई घेऊन आम्ही त्या दवाखान्यात गेलो. फ्रिज उघडला. खालच्या कप्प्यात थर्माकोलचा डबा, त्यावर पेनने वरच्या गावाचं नाव. मी एकेक बाटली काढून तिच्यावरचा बॅच नंबर वाचत होतो, हवालदार लिहीत होता. वरच्या दवाखान्याला दिलेल्या बॅचच्या बावीस बाटल्या निघाल्या. त्याच डब्यात दुसऱ्या बॅचच्या आठ होत्या. त्या फिर्यादीतल्या नव्हत्या म्हणून मी बाजूला ठेवल्या आणि पंचनाम्यात लिहिल्या नाहीत. तपासात माझी पहिली चूक ही. तेव्हा ती मला काटेकोरपणा वाटली होती.

त्या दवाखान्याच्या सिस्टर ब्राह्मणपुरी गावच्या. पन्नाशीच्या, तोंडाने फटकळ.

"साहेब, त्या चोरीन्या बाटल्या नही शेतस. हातउसन्या शेतस."

"हातउसन्या? कागद दाखवा."

"उसनानं कागद कोण करस? तुम्हना घरमा साखर उसनी आनतस तवय पावती फाडतस का?"

महिला शिपाई हसली. मी हसलो नाही. औषध म्हणजे साखर नव्हे, असं मी सुनावलं. पुढचे दोन दिवस बाई माझ्याशी विचारलं तेवढंच बोलल्या, आणि मी विचारलं फार थोडं.

मला आकड्यांचं वेड आहे. बावीस सापडल्या, आठ बेपत्ता. त्या आठ विकल्या गेल्या, हे मी मनात पक्कं केलं. मग वाहतूक तपासायला घेतली, कारण माल नाहीसा होतो तो बहुधा वाटेत. संस्थेचा वाहतूक बघणारा अधिकारी तरुण होता, पुण्याकडून शिकून आलेला, स्वच्छ माणूस. त्याने चार वर्षांचं लॉगबुक समोर ठेवलं. गाडी किती वाजता निघाली, कुठे किती वाजता पोचली, डब्यातलं तापमान किती, घेणाऱ्याची सही. एकही खाडाखोड नव्हती. मी दोन रात्री ते क्वार्टरवर नेऊन वाचलं. सगळ्या फेऱ्या बरोबर. वर गेलेल्या चाळीसच्या चाळीस बाटल्या वेळेवर पोचल्या होत्या, सहीसकट.

म्हणजे चोर वरच बसलेला होता.

त्याला हजर राहण्याची नोटीस दिली. तो पहिल्या बसने आला, अकरा वाजता ठाण्यात हजर. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात कापडी पिशवी. मी त्या दिवशी एका अपघातात अडकलो. त्याची पाळी चार वाजता आली. चौकशी अर्धवट राहिली, तेव्हा उद्या या म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो दहालाच दारात. तिसऱ्या दिवशीही. शर्ट तोच, आता चुरगळलेला.

हवालदार मुरलेला माणूस होता. तो माझ्याजवळ येऊन म्हणाला, "साहेब, चोर कधी यष्टीनं तिकीट काढीसन ठाणामा येस का?"

"आला नसता तर तूच म्हणाला असतास, पळाला म्हणजे चोर."

"ते बी खरं. पण साहेब, हाऊ वापस जातच नही. वरनी शेवटली बस चारले शे. आपण त्याले पाचले सोडतस. दोन दिन तो यष्टी स्टँडवर झोपना."

हे मला माहीत नव्हतं. माहीत करून घ्यायचं सुचलंही नव्हतं. गावातून त्याच्यासाठी कुणी डबा आणला नाही, जामीनदार म्हणून कुणी आलं नाही, साधं विचारायलाही कुणी आलं नाही. एरवी डोंगरातला एक माणूस ठाण्यात आला तर बाहेर झाडाखाली वीस माणसं बसतात. तिसऱ्या दिवशी दुपारी मी माझा डबा उघडला आणि अर्धा त्याच्यापुढे सरकवला. आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता जेवलो. मलाही कुणाबरोबर जेवून बरेच दिवस झाले होते.

मग मी पुन्हा सुरुवातीपासून विचारलं, यावेळी दरडावून नाही.

"लस खाली का पाठवली?"

"माणसं खाली गेली म्हणून."

"कोणती माणसं?"

"गावातली. दिवाळी झाली की उसतोडीला जातात. काही गुजरातेत, निम्मी इथंच, तापीच्या पट्ट्यात. वर म्हातारे राहतात, दोन-चार घरं. मी राहतो. लस वर ठेवून साप कुणाला चावणार साहेब? माणूस जिथं, साप तिथं चावणार."

"ते तुम्ही कसं ठरवता, कधी पाठवायची?"

त्याने आधी दाराकडे पाहून घेतलं. आपल्याला हसतील असं त्याला वाटलं असावं.

"सकाळी धूर मोजतो. गावात त्रेसष्ट चुली आहेत. दवाखान्याच्या ओट्यावरून सगळ्या दिसतात. दहाच्या खाली धूर आला की तीस बाटल्या खाली. दहा वर ठेवतो. एका माणसाला पहिला डोस दहा लागतो."

"आणि परत?"

"होळीला सगळे येतात. कुठेही असो, येतात. होळीआधीच्या फेरीला सिस्टर परत पाठवते."

"मग हे भांडाराला का नाही कळवलं?"

"कळवलं तर ते म्हणतील, हिवाळ्यात तुला चाळीस लागत नाहीत. मग पुढच्या वर्षी दहाच देतील. जेवढी वापरली तेवढीच मिळते साहेब. पावसाळ्यात मी कुठून आणू?"

मी पेन खाली ठेवलं. माझ्या चौकशीच्या कागदावर या उत्तराला रकाना नव्हता.

त्या संध्याकाळी मी खालच्या दवाखान्यात गेलो, यावेळी एकटा. सिस्टरना म्हटलं, "बाई, त्या दिवशी मी ऐकलं नाही. आता सांगा."

"आते का? आते काय व्हयनं?" असं म्हणत त्यांनी खुर्ची पुढे केली.

मी रुग्णांचं रजिस्टर मागितलं. दिवाळीपासून होळीपर्यंत सर्पदंशाचे नऊ रुग्ण. गावाचा रकाना मी तोपर्यंत पाहिला नव्हता. नऊपैकी सात पत्ते डोंगरातले, त्यांतले चार त्याच वरच्या गावचे. उसाच्या पाचटात हात घालताना चावलेले. मागची तीन वर्षं पाहिली. आकडे थोडे इकडेतिकडे, चित्र तेच. आणि त्या आठ बाटल्या? वरच्या तीसपैकी आठ सिस्टरनी हंगामात वापरल्या होत्या, आणि आपल्या दवाखान्याच्या कोट्यातल्या आठ त्यांच्या जागी डब्यात भरून ठेवल्या होत्या. बावीस आणि आठ, तीस. डबा वर जायला तयार होता. मी पंचनाम्यात न लिहिलेल्या आठ बाटल्यांतच उत्तर होतं.

"मग वर गेल्या का नाहीत?"

"गाडीच नही उनी साहेब. औंदा ऊस कमी. तोड लवकर संपनी, लोकं होळीना आगोदर बारा दिन घर गयात. गाडी ते ठरेल तारीखलेच येस."

एवढंच घडलं होतं. दरवर्षी माणसं होळीच्या तोंडावर पोचायची, यंदा बारा दिवस आधी पोचली. गाडीची फेरी होळीच्या पाच दिवस आधीची. मधल्या सात दिवसांत दोघांना साप चावले. पहिल्याला वर ठेवलेल्या दहा लागल्या, तो वाचला. दुसरी ती बाई. तिच्यानंतर संस्थेने साठ्याच्या चौकशीसाठी ती फेरीच थांबवली, म्हणून डबा खालीच राहिला.

मी स्टोअरकीपरच्या फोनचा तपशील मागवला. माणसं परतायला लागल्यापासून चार दिवसांत त्याने भांडाराला सहा फोन केले होते. वाहतूक अधिकाऱ्याला पुन्हा बोलावलं. त्याने नाकारलं नाही.

"हो, तो गाडी लवकर पाठवा म्हणत होता. का, ते सांगत नव्हता. वेळापत्रक मी असं एकाच्या म्हणण्यावर बदलू शकत नाही. आणि आमच्या लॉगमध्ये खालून वर जाणारं काहीच नसतं. रिकामे डबे परत, एवढीच नोंद."

"त्या रिकाम्या डब्यांतून चार वर्षं लस फिरत होती."

तो हळू आवाजात म्हणाला, "सर, माझं काम लॉजिस्टिक्सचं. माल सांभाळायचा, इथून उचलायचा, तिथे वेळेवर पोचवायचा. कुणाला कधी किती लागणार, कुठला साठा कुठे हलवायचा, कुणी कुणाला काय कळवायचं, हे सगळं मिळून पुरवठा साखळी. लॉजिस्टिक्स तिचा एक भाग असतो."

"मग बाकीचा भाग तुमच्याकडे कोण बघतं?"

"त्याला वेगळं पद नाही," तो म्हणाला.

पद नव्हतं, पण काम चालू होतं. ते एक माणूस रिकाम्या गावात ओट्यावर बसून, चुली मोजून करत होता. त्याची चूक नव्हती असं मी म्हणणार नाही. औषधाचा साठा नोंदीशिवाय हलवणं चूकच. शेजारधर्माची उसनवारी दोन घरांत चालते, कारण दोन्ही घरांना एकमेकांचं दार ठोठावता येतं. इथे मध्ये साठ किलोमीटरचा घाट होता आणि गाडी तिसऱ्याच्या हातात होती. त्या तिसऱ्याला खरं सांगितलं नाही, म्हणून साखळी तिथे तुटली. पण चोरी? एका बाटलीचीही नाही.

मी अंतिम अहवाल ‘क’ समरीचा केला. म्हणजे फिर्याद गैरसमजातून झालेली, गुन्हा घडलेला नाही. सोबत तक्ते जोडले. अहवाल ठाण्यातून उपविभागीय अधिकाऱ्यांकडे गेला, तिथून न्यायालयात. प्रत्येक ठिकाणी जावक नंबर, आवक नंबर, सही, तारीख. कुठे एक दिवसही उशीर नाही. न्यायालयाने फिर्यादीला नोटीस काढली, संस्थेने हरकत घेतली नाही, अहवाल मंजूर झाला. तोवर माझी बदली दुसऱ्या जिल्ह्यात झाली होती. मंजुरीचं पत्र तिथे मिळालं. मी ते फाईलला लावलं आणि माझ्या वहीत त्या नंबरापुढे बरोबरची खूण केली.

दोन वर्षांनी एका साक्षीसाठी शहाद्याला आलो. न्यायालयाच्या आवारात त्या सिस्टर भेटल्या. त्यांनीच ओळखलं.

"साहेब, त्या भाऊनी केसनं काय व्हयनं?"

"ती तर तेव्हाच मिटली. निर्दोष आहे तो."

"मंग त्याले कोणी सांगं नही का? संस्थानी काढी टाकं त्याले. तो गुजरातमा शे, उसमा. दोन होळ्या व्हयन्यात, घर येत नही. उनू ते पोलीस धरतीन म्हने."

मी तिथेच पायरीवर बसलो. नोटीस फिर्यादीला जाते. नियमच तसा. आरोपीला कळवावं असं कुठल्या फॉर्मात लिहिलेलं नाही, म्हणून कुणी कळवलं नाही. संस्थेला ते गरजेचं वाटलं नसावं. हवालदार निवृत्त झाला होता. आणि मी? माझ्याकडे त्याचा नंबर होता. तपशील मागवताना मीच तो लिहून घेतला होता.

आदेशाची प्रमाणित प्रत काढायला सहा दिवस लागले. रजा टाकून सिस्टरनी सांगितलेल्या पत्त्यावर गेलो. गुजरातेतलं एक शेत, कडेला तोडणीवाल्यांची पालं. तो मोळी बांधत होता. मला पाहून पळाला नाही. कोयता खाली ठेवला, हात पुसले आणि उभा राहिला, ठाण्यात उभा राहायचा तसा.

"न्यायला आलात का साहेब?"

"नाही. हे द्यायला आलो." मी कागद पुढे केला.

त्याने तो दोनदा वाचला. तारखेवर बोट ठेवलं. "हे त्याच वर्षीच्या पावसाळ्यातलं आहे."

"हो."

"मग आधी..." एवढंच म्हणून तो थांबला. माझ्यावर चिडला असता तर मला सोपं गेलं असतं. त्याने विचारलं, "ती बाई कशी आहे?"

"बरी आहे. जड काम होत नाही तिच्याने."

त्याने मान हलवली. "दोन होळ्या मी इथंच पालात बसलो. सगळे गेले की इथं कुत्रंही राहत नाही साहेब."

त्याने कागदाची घडी केली, प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि शर्टाच्या आत ठेवली. चहा घेऊन जा म्हणाला. आम्ही काळा चहा घेतला. पुढच्या होळीला तो गावी गेला, असं सिस्टरनी फोनवर सांगितलं. नोकरी परत मिळाली नाही. त्या दवाखान्याला आता दिवाळीनंतर आणि होळीआधी दोन जादा फेऱ्या असतात, साठा लेखी हलतो. ती व्यवस्था संस्थेने माझ्या अहवालातल्या तक्त्यांवरून बसवली, असं त्या वाहतूक अधिकाऱ्याने मला कळवलं. त्यात त्या माणसाचं नाव कुठेही नाही.

पोलिसात आम्हाला शिकवतात की कागद वेळेवर पुढे गेला पाहिजे. माझा प्रत्येक कागद वेळेवर पुढे गेला. या प्रकरणात मी एका तरुण अधिकाऱ्याला विचारलं होतं, बाकीचा भाग कोण बघतं, आणि त्यासाठी पदच नाही हे त्याच्या तोंडून ऐकताना मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं होतं. माझ्या अहवालाची वाट बघणारा माणूस जगात एकच होता, आणि सगळ्या आवक-जावक नंबरांत मी त्याचा पत्ता घातला नव्हता. त्यानंतर निवृत्तीपर्यंत ज्या प्रकरणात माणूस निर्दोष ठरला, तिथे मी स्वतः फोन केला. मोजून एकोणीस फोन. नियमात ते नव्हतं. पलीकडून बहुतेक वेळा एकच प्रश्न यायचा, "साहेब, खरंच ना?" मी खरंच म्हणायचो, आणि समोरचा फोन ठेवेपर्यंत थांबायचो.